मूठहात

थोरलीने लोखंडी नळी खोडाला टेकवली आणि वरून हातोडी घातली. सालीची गोल चकती सुटून गवतात पडली. आतलं लाकूड दिसलं, पांढरट, नाण्याएवढं. तिचे वडील, पाववाले, शेजारीच उभे होते. अंगात धाकट्या मुलाचा कोट होता आणि त्याच्या बाह्या दुमडल्या तरी बोटांवर उतरत होत्या. त्या वर सारून त्यांनी खोडाजवळ तोंड नेलं.

"आता?"

"आता थांबायचं. झाड बरं असेल तर दुपारपर्यंत हे भोक राळेनं भरेल."

"राळ म्हणजे डिंकच ना? तो काय, धो धो येतो या झाडांना. तुम्ही पोरं लहान असताना टेकून बसायचात, उठलात की अर्धी चड्डी झाडालाच."

"येऊ दे तसा," थोरली म्हणाली, पण ती हसली नाही.

भट्टीमागच्या गल्लीत ही चिडाची, सुयांसारख्या पानांची झाडं रांगेने उभी होती. पाववाल्यांनी आणि समोरच्या मास्तरीणबाईंच्या यजमानांनी मिळून लावलेली. तेव्हा दोघं तरुण होते आणि पाववाल्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा. "चिडक्या माणसाला चिडाशिवाय दुसरं झाड सुचणार कसं," असं मास्तरीणबाई तेव्हापासून म्हणत आल्या, आणि हा विनोद त्यांना दर वेळी नवाच वाटायचा. पुढे पाववाल्यांची बायको गेली, मग बाईंचे यजमान गेले. झाडं मात्र छपरं ओलांडून वर चढली. बाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून खिडकीत बसून त्यांच्याकडे बघत असत. बघायला त्यांना दुसरं फारसं कुणी उरलं नव्हतं.

या वर्षी उन्हाळा सरता सरता बाईंच्या खिडकीसमोरचं झाड तांबूस पडलं. सुया गळाल्या नाहीत, जागच्या जागी लटकून गंजल्या. पाठोपाठ त्याच्या शेजारचं गेलं. बाईंनी झाडांच्या कचेरीत फोन करकरून तिथल्या माणसांना भंडावून सोडलं. शेवटी कचेरीने तपासनीस धाडली ती पाववाल्यांची थोरलीच. गल्लीचं नाव वाचून तिनेच ते काम मागून घेतलं होतं. त्या निमित्ताने बापाकडे राहणं होईल, त्याच्या पोटात काही जातं की नाही ते कळेल, हाही विचार त्यात होता.

दुपारी दोघं पुन्हा गल्लीत आली. वाळलेल्या झाडांची भोकं कोरडी असणार हे ठरलेलंच होतं. पण रांगेतल्या हिरव्या झाडांनाही सकाळी पाडलेली भोकं तशीच होती, कोरडी ठक्क.

"हे तर हिरवंगार आहे," पाववाले म्हणाले.

"वरून. आत पाणी चढायचं बंद झालंय. सुयांना अजून कळलेलं नाही, एवढंच."

पाववाल्यांनी मान हलवली. माणसाचंही तसं होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. गेल्या हिवाळ्यापासून ते उठत होते, दाढी करत होते, कुणी विचारलं तर बरं आहे म्हणत होते.

थोरलीने गिरमिटाने खोडांतून भुसा काढला, तो कापडात बांधला आणि खालची नळी चिमट्याने बंद करून पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात बुडवून ठेवला. नरसाळं उभं केलं ते कणीक मळायच्या मोठ्या टेबलावर. त्या टेबलावर इतके महिने पिठाचा कणही पडला नव्हता. भट्टीच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं आणि ते कुणी काढलं नव्हतं. "उद्यापर्यंत राहू दे," ती म्हणाली. "भुशात काही असेल तर पोहत खाली येईल."

भट्टी बंद पडली ती धाकटा गेला तेव्हापासून. त्याआधीची गोष्ट सांगायची तर धाकट्याला भट्टी नकोच होती. पहाटे उठायचं, आगीपुढे भाजायचं आणि जन्मभर पिठात पांढरं व्हायचं, हे मला जमणार नाही, असं तो बापाच्या तोंडावर म्हणाला. रानात झाडं तोडणाऱ्या टोळीत त्याला काम मिळालं होतं. पाववाल्यांचा पारा चढला. जे तोंडाला येईल ते बोलले, आणि शेवटी म्हणाले, "जा. तुझ्या हातचं पेटवणही नको मला." पेटवण म्हणजे भट्टी शिलगावायला लागणारी चिडाची बारीक लाकडं. ती फोडून रचायचं काम धाकट्याचं होतं, शाळेत जायला लागल्यापासूनचं. तो निघून गेला. वर्षं गेली, पण दोघांपैकी एकानेही माघार घेतली नाही. आणि गेल्या वर्षी हिवाळ्याआधी, पानगळीच्या दिवसांत एक झाड पडता पडता बुंध्यावर फिरलं आणि धाकटा त्याच्याखाली सापडला.

त्याचं सामान आणायला पाववाले एकटेच गेले. एक ट्रंक, हा कोट, दाढीचं सामान. खोपटामागे फोडलेल्या चिडाच्या लाकडांची थप्पी होती, नीट रचलेली, वर छप्पर घातलेली. टोळीचा मुकादम म्हणाला, "हे त्यानं घरासाठी म्हणून फोडून ठेवलं होतं." खोपटातल्या चुलीसाठी, असं पाववाल्यांनी धरलं. पोराच्या हातची एवढीच वस्तू जगात उरली होती. ती तिथे टाकून येणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ट्रक ठरवला, हमालांनी लाकडं भट्टीमागे भिंतीला लावून रचली, पाववाल्यांनी वर ताडपत्री बांधली. त्यातलं एकही त्यांनी हलवलं नाही. संध्याकाळी ताडपत्रीचं टोक उचलून थप्पीजवळ स्टूल टाकून बसायचे, लाकडांच्या टोकांवरून हात फिरवायचे. टोकांवर निळसर डाग होते. ते त्यांना छान वाटत. थोरली हिवाळ्यात येऊन गेली तेव्हा तिनेही ताडपत्री पाहिली होती, पण भट्टीमागे लाकूड असायचंच, त्यात काय विचारायचं.

सकाळी थोरलीने नरसाळ्याच्या नळीतून थेंबभर पाणी काचेवर घेतलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बराच वेळ बघत राहिली. मग बाजूला झाली.

"या, बघा. दुसरा डोळा मिटू नका."

पाववाल्यांना आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग उजेड स्थिर झाला आणि त्यात पांढुरके, काचेसारखे दोरे दिसले. वळवळत होते, एकमेकांत गुंतत होते, सुटत होते.

"सूत्रकृमी," थोरली म्हणाली. "शेपटीचं टोक गोल आहे बघा. टोकदार असतं तर सुटलो असतो. ती जात गरीब असते, झाडाला काही करत नाही."

"हे झाड मारतात? एवढंसं? साधी फुंकर मारली तरी उडतील."

"एकटा नाही मारत. आत शिरतात तेव्हा थोडेच असतात. लाकडात राळेच्या नळ्या असतात, त्यांच्या भिंती खातात. मग अंडी. उन्हाळ्यात आठवडाही लागत नाही, पिल्लंच अंडी घालायला लागतात."

"खमीर," पाववाले म्हणाले.

"काय?"

"खमिरासारखं. चिमूटभर टाकायचं, ऊब द्यायची, सकाळी परातीबाहेर."

"हो. तसंच."

पाववाल्यांनी डोळा हलवला नाही. धंद्यातला माणूस, त्यांना पुढचा प्रश्न सुचणारच. "मग झाड मेल्यावर? पीठ संपलं की खमीरही मरतं."

"हे मरत नाहीत. मेलेल्या लाकडात बुरशी वाढते, ती खाऊन हिवाळाभर तगतात. त्या बुरशीनंच लाकूड निळं पडतं."

"निळं?"

"शाई सांडल्यासारखं."

पाववाले अजून वाकलेलेच होते, पण त्यांना आता उजेडाखेरीज काही दिसत नव्हतं.

"आणि या झाडातून त्या झाडात कसे जातात? ना पाय, ना पंख."

"भुंगा नेतो. त्याची अळी लाकडातच वाढते. कुरतडताना आवाज येतो तिचा, कान दिला तर ऐकू येतो. ती कोषात गेली की हे सगळे तिच्याभोवती गोळा होतात आणि भुंगा तयार झाला की त्याच्या श्वासाच्या नळ्यांत शिरून बसतात. उन्हाळा लागला की तो लाकूड पोखरून बाहेर येतो. भुकेला असतो. जवळच्या झाडाची कोवळी फांदी खायला घेतो. तेवढी जखम यांना पुरते."

"म्हणजे भुंग्याला ठाऊकच नसतं."

"नाही, बाबा. तो नुसता जेवायला बसतो."

"मिशा लांब असतात त्याला? अंगापेक्षा लांब?"

थोरलीने बापाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

पाववाले सरळ झाले आणि टेबलाला धरून उभे राहिले. थप्पीतून येणारी ती कुरकुर त्यांनी किती संध्याकाळी ऐकली होती. लाकडाला वाचा फुटली, पोराच्या हातचं लाकूड आहे, बोलायचंच, अशी स्वतःची समजूत घालून ते तिला सोबत मानत आले होते. दोन शब्द ते उलट बोललेही होते, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मग उन्हाळ्याच्या तोंडाला एक भुंगा त्यांच्या बाहीवर, याच कोटाच्या बाहीवर येऊन बसला. ऐटबाज मिशांचा. वाट चुकलेला दिसतो म्हणून त्यांनी त्याला अलगद गल्लीत नेलं आणि झाडावर सोडलं. ते झाड बाईंच्या खिडकीसमोरचं.

"मागे ताडपत्रीखाली..." त्यांनी सुरुवात केली.

"उजाडल्यावर मी पाहिलं, बाबा. भोकं आहेत. पेन्सिल जाईल एवढी, गोल."

"मग मघापासून मला हे दाखवत का बसलीस?"

"नुसतं सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? पोराच्या लाकडाला हात लावू दिला असतात?"

पाववाले पिठाच्या पिंपावर बसले. "मुकादम मला म्हणाला होता," ते म्हणाले, "घेऊन जाताय तर न्या, पण उन्हाळ्याआधी जाळून टाका. मला वाटलं, काय दगडाचं काळीज आहे या माणसाचं. पोर नुकतंच गेलंय, आणि हा जाळायच्या गोष्टी करतो. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही पुन्हा."

"टोळी आजारी झाडंच पाडत होती. हिवाळ्यात जाळलं तर धोका नसतो. अळ्या आतच मरतात."

"ते त्यानं सांगायला हवं होतं."

"हो," थोरली म्हणाली. तिचा आवाज चिरकला. धाकटा तिचाही भाऊ होता, पण आल्यापासून तिला रडायला कुणी जागाच दिली नव्हती. "उद्या कचेरीची माणसं येतील. रांग पाडावी लागेल, सगळीच. थप्पीचाही यंत्रात भुगा करतील."

"यंत्रात नाही."

"बाबा, ठेवता येणार नाही ते."

"ठेवा कुठं म्हणतोय मी? जाळायचंच आहे ना? आपल्याकडे भट्टी आहे." पाववाले उठले, खराटा घेतला आणि भट्टीच्या तोंडावरचं कोळ्याचं जाळं त्यांनी एका फटक्यात काढलं.

राख ओढून झाली, धुराड्याची झडप उघडली. तेवढ्यात मास्तरीणबाई दारात आल्या. खराट्याचा आवाज ऐकूनच त्या आल्या असणार, कारण हातात जुनी कापडी पिशवी होती.

"भट्टी पेटवताय? मग पाव कधी मिळेल? त्या दुकानातला पाव खाऊन माझ्या तोंडाची चव गेली हो."

पाववाले खराटा धरून उभे राहिले. थोरली पुढे होणार होती, त्यांनी हाताने तिला थांबवलं.

"बाई, तुमची झाडं माझ्यामुळे गेली," ते म्हणाले. "धाकट्याचं लाकूड मी आणलं रानातून. रोग त्यात होता. हिवाळ्यात जाळायचं होतं, मी जपून ठेवलं. उरलेली झाडंही उद्या पाडतील."

बाईंनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्यांच्या यजमानांनी त्या रोपांना बादलीने पाणी घातलं होतं, तो उन्हाळा त्यांना आठवत असेल. धाकट्याला त्यांनी पाढे शिकवले होते, तेही आठवत असेल. त्या काही चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर पाववाल्यांना सोपं गेलं असतं.

"मग मला खिडकीला पडदा लागेल," त्या म्हणाल्या. "ऊन फार येईल." आणि घरी न जाता त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या.

थोरलीने मागून पहिला भारा आणला. पाववाले भट्टीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसले. पेटवण तोंडाशी आडवं रचायचं असतं. लांब झालं तर दार लागत नाही, आखूड झालं तर रचण ढासळते. म्हणून या घरात त्याचं माप ठरलेलं होतं, मूठहात. कोपरापासून मिटलेल्या मुठीपर्यंत. ही लाकडं खोपटातल्या चुलीची, कापून घ्यावी लागणार, म्हणून त्यांनी करवत जवळ ठेवली होती. कोटाची बाही वर सारून त्यांनी एक लाकूड सवयीने हातावर धरलं. एक टोक कोपराशी आलं, दुसरं मुठीच्या कडेला.

त्यांनी ते खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. तेही बरोबर. तिसरं, मग भाऱ्यातलं अगदी तळाचं.

"थोरले," त्यांनी हाक मारली. "तुझा हात बघू."

तिने हात पुढे केला. लाकूड तिच्या मुठीच्या पुढे गेलं.

धाकटा लहान असताना स्वतःच्या हाताने मोजून तोडायचा आणि सगळं पेटवण आखूड व्हायचं. पाववाले ओरडायचे, "तुझा हात नाही रे, माझा. माप माझ्या हाताचं." मग तो पोर त्यांचा हात धरून, कोपराला लाकूड लावून, जीभ बाहेर काढून खूण करायचा. पुढे तो ताडमाड वाढला. त्याचा हात बापाच्या हाताहून चांगला लांब झाला. त्या कोटाच्या बाह्या तर सकाळपासून बोटांवर उतरतच होत्या. रानात त्याने स्वतःच्या हाताने मोजलं असतं तर यातलं एकही लाकूड या भट्टीत मावलं नसतं.

घरासाठी, असं मुकादम म्हणाला होता.

"त्यानं माझं माप लक्षात ठेवलं," पाववाले म्हणाले. "एवढ्या वर्षांनी. मी त्याला म्हणालो होतो, तुझ्या हातचं पेटवणही नको. आणि हा तिथे बसून तेच फोडत होता. येणार होता गं तो. हिवाळ्यात घेऊन येणार होता."

त्यांना रडू फुटलं. पोर गेल्याची बातमी आली तेव्हा नाही, सामान आणलं तेव्हा नाही. आता मात्र तोंड लपवायचंही भान न ठेवता म्हातारा भट्टीपुढे बसून रडला. पोराने जाळायला दिलेलं त्यांनी जपलं होतं. मुकादमाचं ऐकून त्याच हिवाळ्यात भट्टी पेटवली असती, तर पोराचं मन तेव्हाच कळलं असतं आणि झाडंही उभी राहिली असती. हे त्यांना एकदमच उमगलं, त्यातलं कुठलं जास्त लागलं ते सांगता येणार नाही. थोरली त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तीही रडली. बाई बाकावरून उठल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन त्या भट्टीच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मग पाववाल्यांनी नाक पुसलं आणि लाकडं रचली, आडवी, एकावर एक. रचण चोख बसली. काडी लावली तसं चीड धडधडून पेटलं, काळा धूर निघाला, आणि डिंकाचा जुना वास खोलीभर झाला. थोरली भारे आणत गेली आणि ते आत सारत गेले. मागची भिंत हळूहळू मोकळी झाली.

शेवटच्या भाऱ्यातलं एक लाकूड थोरलीने मागे ठेवलं होतं. निळा डाग त्याला कमी होता, भोकही नव्हतं.

"एक ठेवू या, बाबा," ती म्हणाली. "भट्टीची आग उतरल्यावर आत ठेवून नीट तापवलं की आतलं सगळं मरतं. मग काही धोका नाही. मी सांगते ना."

पाववाल्यांनी ते घेतलं. कोपराशी टेकवलं, मूठ मिटली आणि मुठीजवळ थांबलेलं त्याचं टोक बघितलं. आगीचा उजेड त्यांच्या हातावर हलत होता.

"पेटवण आहे हे," ते म्हणाले. "ठेवायला नाही दिलं त्यानं."

त्यांनी ते आत सारलं. मग बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, टेबलावरचं नरसाळं उचलून थोरलीच्या हातात दिलं आणि फडक्याने टेबल पुसायला घेतलं.

"कोठीतलं मोठं लाकूड आण आता," ते म्हणाले, "आणि पीठ किती आहे बघ. बाई थांबल्यात."